आईला जेवू घालणाऱ्या त्रिनिदादच्या आंटींना

स्कारबरो, टोरंटो

प्रिय आंटी,

सप्रेम नमस्कार.

तुम्हाला मराठी वाचता येत नाही हे मला ठाऊक आहे. या पत्रातलं सगळं मी दुकानात येऊन तुम्हाला इंग्रजीत सांगणारच आहे. पण आधी ते मराठीत आणि चारचौघांसमोर लिहायचं होतं. टोरंटो, ब्रॅम्प्टन, मिसिसागा इथली कितीतरी मराठी माणसं तुमच्यासारख्या रोटी शॉपवरून रोज ये-जा करतात आणि आत पाऊल टाकत नाहीत. पाटीवर ‘रोटी’ वाचून म्हणतात, घरी करतोच की. ‘कॅरिबियन’ वाचून म्हणतात, आपल्याला झेपेल का. तुमचे आभार मानायचे तर या लोकांना तुमच्या दारापर्यंत आणणं हाही त्यातलाच एक भाग आहे असं मला वाटतं.

दुकान तसं लहान. प्लाझाच्या टोकाला, एका बाजूला लाँड्री, दुसऱ्या बाजूला वेण्या घालून देणारं सलून. आत चार टेबलं, काचेमागे वाफेवर ठेवलेली भांडी, गल्ल्याशेजारी डबल्सचा, म्हणजे मऊ पुऱ्यांत चणे भरलेल्या त्रिनिदादी खाण्याचा, गरम डबा. भिंतीवर लक्ष्मीची तसबीर आणि तिला खेटून त्रिनिदादमधल्या सिपारिया गावच्या देवीची. ही देवी खरी कॅथलिक चर्चमधली, ला दिव्हिना पास्तोरा. पण गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी त्रिनिदादचे हिंदू रांगा लावून तिच्या दर्शनाला जातात, तिला सिपारी माई म्हणतात, तांदूळ आणि तेल वाहतात. तुम्ही लहानपणी आजीचं बोट धरून देबे गावाहून तिथं जात होतात, हे तुम्ही आईला खुणांनी सांगितलंत. आईला ते सगळं समजलं होतं. घरी येऊन तिनं मला अगदी तपशिलानं सांगितलं.

बाबा गेले त्या वर्षी मी आईला चिपळूणहून इथं आणलं. मी हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत काम करते, पाळ्या सतत बदलतात. अकराव्या मजल्यावरच्या घरात आई दिवसभर एकटी. जेवत होती, पण नावापुरतं. वरण-भाताचे चार घास आणि ताट बाजूला. तिच्या आवडीचं काही करू का विचारलं की म्हणायची, “तुला जे सोपं पडेल ते कर.” ज्या बाईनं आयुष्यभर बाजारातला मासा डोळ्यांत पाहून निवडला, तिला कशाचीच चव उरली नव्हती.

जानेवारीतल्या एका सोमवारी ती कचऱ्याची पिशवी टाकायला घराबाहेर पडली आणि मागं दार आपोआप बंद झालं. किल्ली आत, फोन आत. अंगावर साडी आणि स्वेटर, पायात घरातल्या सपाता. इमारतीत ओळखीचं कुणी नाही. ती लिफ्टनं खाली उतरली, बर्फातून पार्किंग ओलांडलं आणि ज्या दुकानातून लसूण-जिऱ्याच्या फोडणीचा वास येत होता त्यात शिरली.

त्या दिवशी फोनवर तुम्ही मला एवढंच म्हणालात, “काळजी करू नकोस, मम्मी इथं आहे, जेवतेय.” बाकीचं आईकडून कळलं. तुम्ही तिला स्वयंपाकघराच्या दाराशी, उबेच्या टेबलावर बसवलंत. स्वतःचे लोकरी मोजे तिच्या पायांत चढवलेत. कागद आणि पेन पुढं ठेवलंत, माझा नंबर तिला पाठ होता. तिचं इंग्रजी जेमतेम, तुमचं हिंदी भजनापुरतं. मग तुम्ही चिकनच्या भांड्याकडे बोट दाखवलंत आणि आईनं हात जोडले. सोमवारी ती मांस-मासे खात नाही. तुम्ही काही विचारलं नाहीत. दिवाळीआधी तुमच्याकडंही घरोघरी मांसाहार बंद असतो, त्यामुळे हात जोडण्याचा अर्थ तुम्हाला नेमका कळला. शाकाहारासाठी तुम्ही वेगळा ठेवलेला तवा तुम्ही काढलात.

त्या तव्यावरची सादा रोटी आणि टोमॅटोचं चोका, हे आईचं तुमच्याकडचं पहिलं जेवण. बेकिंग पावडर घालून मळलेली, जाडसर, आचेवर टम्म फुगवलेली रोटी. विस्तवावर काळे होईतो भाजून, साल काढून कुस्करलेले टोमॅटो, त्यात चिरलेला कच्चा कांदा, थोडी मिरची, आणि वरून लसूण लालसर होईपर्यंत तापलेलं तेल. दुसरं काही नाही. मी धावतपळत पोचले तेव्हा आई तुम्हाला बोटानं दाखवत होती, आणखी एक. कित्येक महिन्यांनी तिनं आपणहून काही मागितलं होतं. मी पर्स उघडली तर तुम्ही गल्ल्यावर हात ठेवलात आणि मान हलवलीत. त्या दुपारबद्दल, आंटी, मनापासून आभार.

नंतर दुपारची गर्दी ओसरली की आई खाली यायला लागली. तुम्ही तिला दीदी म्हणायला लागलात, ती तुम्हाला ताई. फुकट खाणार नाही हा आईचा हट्ट, पैसे घेणार नाही हा तुमचा. शेवटी तडजोड झाली ती लसणावर: आई लसूण सोलून देणार, बोडीच्या शेंगा मोडून देणार. बोडी म्हणजे आमची लांब चवळी. चिपळूणच्या परसात आई ज्या शेंगा तोडायची, त्याच इथं गोठवणाऱ्या थंडीत तिच्या मांडीवर आल्या.

डालपुरीत मात्र आई अडकलीच. जन्मभर पुरणपोळ्या केलेली बाई ती, तुमच्या हातावरून तिची नजर हलेना. पिवळ्या वाटाण्याची डाळ बोटचेपी शिजवायची, गाळ होऊ द्यायची नाही. निथळून गार करायची आणि लसूण, मिरची, भाजलेलं जिरं घालून कोरडीच दळायची. सारण भुरभुरीत हवं, मैदा मात्र सैल मळून, तेलाचा हात लावून चांगला मुरवलेला. उंडा भरला की पुन्हा थोडा वेळ विसावा. आईचा प्रश्न होता की एवढं कोरडं सारण लाटताना फुटत कसं नाही. तुम्ही घड्याळाकडे बोट दाखवलंत. घाई केली की फुटतं, उंड्याला आराम दिला की नाही. लाटणं फिरलं आणि तवा भरून पोळी पसरली, उजेडात धरली तर सारण काठापर्यंत सारखं. आई मला म्हणाली, “हात बघ बाईचा.” आईकडून यापेक्षा मोठी शाबासकी मी कधी ऐकलेली नाही.

त्या डालपुरीत तुम्ही भोपळा आणि बटाटा-चणे गुंडाळून देता, किंवा हाडासकट शिजवलेलं बोकडाचं मटण. बस-अप-शट ही तुमची दुसरी रोटी मला तर त्याहून आवडते. लोण्या-तेलाचे पदर दिलेला पराठा तव्यावरच दोन लाकडी डाबल्यांनी, म्हणजे चपट्या उलथण्यांनी, आपटून आपटून त्याच्या मऊ चिंध्या करायच्या. ती ओरबाडून रस्सा पुसून घ्यायचा. करी पावडर थोड्या पाण्यात कालवून गरम तेलात घट्ट, रवाळ होईपर्यंत परतायची आणि मग मांस टाकायचं, ही तुमची रीत मी आता घरी करते. तिखटपणा त्या पावडरीत नसतोच. तो वेगळा येतो, स्कॉच बॉनेट मिरचीतून, आणि तिला फळाचा वास असतो. आमच्या लवंगीचा आणि तिचा काही संबंध नाही.

आता कलालूची गोष्ट. ती इथं लिहायलाच हवी, कारण या पत्राचा खरा विषय तिथं आहे. तुम्ही अळूची पानं, भेंडी, भोपळा, नारळाचं दूध एकत्र शिजवत होतात. त्यात वरून एक अख्खी मिरची सोडलेली, जी ढवळताना फुटता कामा नये. अळू दिसताच आई उठली. अळूला आंबट हवंच, नाहीतर घसा खवखवतो, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत. तिनं चिपळूणहून आणलेली आमसुलं दुसऱ्या दिवशी पिशवीतून तुमच्यासमोर ठेवली. तुम्ही एक तोंडात टाकलंत, आवडलं म्हणून मान डोलावलीत, पण कलालूच्या भांड्यावर झाकण घातलंत. यात नाही. पानं पुरेशी शिजली की खवखवत नाहीत. आईनं पुन्हा आग्रह केला तेव्हा तुम्ही हसून, पण ठामपणे जे म्हणालात त्याचा मराठीत अर्थ असा: इंडियाचं इंडियाकडं, हे आमचं आहे.

आईला राग येईल असं मला वाटलं होतं. ती गप्प बसली, वाटीभर कलालू भाताबरोबर खाल्लं, आणि घरी येताना म्हणाली, “बरोबर आहे तिचं. आपल्या फदफद्यात कुणी नारळाचं दूध आणि भेंडी घातली तर मी घालू देईन का?”

हे मी आमच्या माणसांसाठी मुद्दाम लिहिते आहे. तुमचे पदार्थ चाखले की आमच्यातले बहुतेक जण आनंदानं म्हणतात, अरे, हे तर आपलंच! भावना चांगली असते. तरी मला ते आता खटकतं. ब्रिटिश वसाहतींमधली गुलामगिरी १८३४ साली कायद्यानं संपली आणि उसाच्या मळ्यांना मजूर हवे झाले. कलकत्त्याहून निघालेलं फतेल रझाक हे जहाज ३० मे १८४५ रोजी त्रिनिदादला लागलं. १९१७ पर्यंत साधारण १ लाख ४४ हजार माणसं करारावर तिथं गेली. बहुतेक आजच्या पूर्व उत्तर प्रदेशातली आणि बिहारमधली. आमच्या कोकण-देशावरची नव्हेत. त्यांच्या चुलीवर जे शिजायला लागलं त्यात रोटी होती, डाळ होती, जिरं होतं. पण शॅडो बेनी नावाची ती लांब पानांची, कोथिंबिरीच्या वासाची पण कितीतरी उग्र वनस्पती तिथली. स्कॉच बॉनेट तिथली, थाइम युरोपातून तिथं पोचलेलं. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांची लेकरं-नातवंडं शेजारी राहत होती, त्यांच्या हातची रीतही हळूहळू भांड्यात उतरली.

डबल्सचंच घ्या. हळद घातलेल्या दोन मऊ पुऱ्या (तिथं त्यांना ‘बारा’ म्हणतात), मध्ये पातळसर चणे, वर काकडीची चटणी, चिंच आणि मिरचीचा सॉस. हा पदार्थ भारतात कुठंच नव्हता. १९३०च्या दशकात प्रिन्सेस टाउनमध्ये इमामूल दीन यांच्या घरातून तो निघाला आणि आज त्रिनिदादची सकाळ त्याच्यावर सुरू होते. पावणेदोनशे वर्षं घाम गाळून एका समाजानं उभं केलेलं जेवण आहे हे. ‘आपलंच’ म्हटलं की त्या सगळ्या वर्षांवर पाणी पडतं. तुम्ही आईला ते एका झाकणानं समजावलंत, आणि तिच्या मनाला जराही न लागता समजावलंत. आम्हाला तुमचं जेवण तुमचं म्हणून खायला शिकवलंत, याबद्दलचे आभार मला पहिल्या दुपारच्या आभारांइतकेच मोलाचे वाटतात.

आणि याच समजुतीतून पुढचा आनंद आला. एकदा तुम्ही गॅसच्या आचेवर अख्खं ब्रेडफ्रूट भाजत होतात. आई ओरडलीच, “अगं, नीरफणस!” या वेळी तिनं काही सुचवलं नाही, आधी तुमच्या पद्धतीचं खाल्लं: बाहेरून कोळसा झालेलं, आतून पावासारखं, लोणी लावून. मग तुम्हीच विळी-सुरीकडे खूण करून विचारलंत, तुमच्याकडं काय करतात? आईनं पातळ कापं केली, मीठ-हळद-तिखट लावलं, तांदळाच्या पिठीत घोळवून तुमच्या शाकाहारी तव्यावर परतली. तुम्ही, तुमची लेक, लाँड्रीतला मुलगा, सगळ्यांनी उभ्या उभ्या ती मिरचीच्या सॉसबरोबर संपवली. हे फळ पॅसिफिक बेटांवरून कॅरिबियनमध्ये आलं १७९३ साली, कॅप्टन ब्लाय याच्या जहाजातून. मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात खाऊ घालता यावं एवढाच त्यामागचा हेतू. त्याच्या आधीच्या खेपेला, १७८९ मध्ये, खलाशांनी बंड करून त्याला बोटीतून समुद्रात सोडून दिलं होतं. ज्यांच्या माथी ते फळ मारलं गेलं त्यांनी सुरुवातीला त्याला तोंड लावलं नाही. आज त्यांची पतवंडं परदेशात ते शोधत हिंडतात आणि मिळालं की फोन करून एकमेकांना सांगतात.

शनिवार तुमच्या जावयांचा. ते जमैकाचे, पोर्टलंड परगण्यातले, आणि मागच्या बाजूला ड्रमवर त्यांचं जर्क चिकन चालू असतं. माझा मुलगा त्यासाठी शुक्रवारपासून दिवस मोजतो. ऑलस्पाइस, स्कॉच बॉनेट, थाइम, पातीचा कांदा यांत रात्रभर मुरवलेलं चिकन मंद धुरावर शिजतं. मळ्यांवरून पळून डोंगरात राहिलेल्या मरून लोकांची ही रीत. ओव्हनमधलं जर्क मीही करून पाहिलं आहे, पण धुराशिवाय ते मला जर्क वाटत नाही. त्याच दिवशी तुमचा पेलावही असतो. तेलात साखर काळपट होईपर्यंत जाळायची, त्यात चिकन, मग ओले तुरीचे दाणे, तांदूळ, नारळाचं दूध. जळलेल्या साखरेचा किंचित कडवटपणा भातात शेवटपर्यंत राहतो. तो राहिला पाहिजे. ज्या ठिकाणी पेलाव नुसताच गोड लागतो तिथं मी दुसऱ्यांदा जात नाही.

डिसेंबरात तुम्ही आईला सॉरेल पाजलंत, लाल अंबाडीच्या बोंडांचं, आलं-लवंग-दालचिनी घातलेलं. ब्लॅक केकचा तुकडाही दिलात आणि त्यातली फळं कित्येक महिने रममध्ये भिजलेली असतात हे तुमच्या नातीनं तिला आधी सांगितलं, मग खायचं की नाही ते तिच्यावर सोडलंत. आईनं खाल्ला. बाबांना आवडला असता, म्हणाली. आमच्या घरात बाबांचं नाव हसत घेतलं गेलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

परतायच्या आधी तुम्ही तिला कुंडीतली एक फांदी तोडून दिलीत. तुम्ही त्याला स्पॅनिश थाइम म्हणता आणि मासे मुरवायला वापरता. आमच्याकडं तो पानओवा, आई त्याची भजी करते. ती फांदी माझ्या खिडकीत छान फोफावली आहे. भजीही होतात, आणि तुमच्या पद्धतीचं ग्रीन सीझनिंग हे हिरवं वाटणही.

आमच्या वाचकांना एवढंच सांगते. रोटी शॉपमध्ये पहिल्यांदा जाल तेव्हा दोन डबल्स घ्या, एकानं भागत नाही. ‘स्लाइट पेपर’ म्हणा, म्हणजे मिरचीचा सॉस थोडाच. आपण तिखट खातो या अभिमानात जास्त मागू नका, ही मिरची वेगळी आहे. हातानं खा, जरा पुढं वाकून, नाहीतर चणे अंगावर. डालपुरी ताजी कधी होते ते विचारा आणि त्या वेळेला जा. करीतल्या मटणाला हाडं असतात, ती काढून द्या म्हणू नका, चव त्यांतच आहे. मांसाहार करत नसाल तर भोपळा, बोडी, वांग्याचं चोका, चणे-बटाटा यांतलं काही ना काही मिळतंच. फक्त तवा वेगळा आहे का ते विचारून घ्या. आणि गर्दीच्या वेळी काउंटरवर उभं राहून हे आमच्याकडं कसं करतात ते सांगत बसू नका. दुपारी, निवांत वेळी, विचारलं तर सांगा.

आंटी, आई जूनमध्ये पुन्हा येते आहे. या वेळी तिला आणायची गरज पडली नाही, तारीख तिनं स्वतःच ठरवली आणि मला कळवली. तुम्हाला काय हवं ते विचारायला सांगितलं आहे. आमसुलं तर ती आणणारच, कोळंबीच्या करीत तुम्ही ती घालता हे तुमच्या नातीनं तिला व्हिडिओ कॉलवर दाखवलंय. शनिवारी पोचते आहे, विमान दुपारी उतरतं. घरी स्वयंपाक करू नकोस असा तिचा निरोप आहे, तेव्हा पेलाव आमच्यासाठी बाजूला काढून ठेवा. या वेळचे पैसे मात्र मी देणार.

तुमची,
चिपळूणच्या दीदींची मुलगी